रिकाम्या घराची बेल

“तू गेलीस तर सकाळी त्या पोरीला दार कोण उघडणार?” शेजारच्या पेट्रिकबाईंनी विचारलं, तेव्हा लॉरेल सामानाच्या खोक्यांना चिकटपट्टी लावत होती.

“उघडेल कोणीतरी, मिसेस पेट्रिक. आपण काय जंगलात राहतो?”

“कोणीतरी म्हणजे कोण? मी चालले फ्लोरिडाला, लेकाकडे. समोरचे आधीच पळाले. राहिलं कोण, झाडावरच्या खारी?”

लॉरेलने हसून विषय उडवून लावला.

ती पोरगी म्हणजे इक्रान. लॉरेलची लेक हेझल हिच्याच वर्गात, दुसरीत. तिची आई होदन उजाडायच्या आत गोदामात कामाला जाई आणि जाताना लेकीला लॉरेलच्या दारात सोडी. शाळेची बस येईपर्यंत दोघी मुली स्वयंपाकघरात दूध-सीरियल खात खिदळत बसत.

कोलंबस शहराच्या त्या भागात इक्रानच्यासारखी सोमाली कुटुंबं येऊ लागली, तसा शाळांना दहापैकी गुण देणाऱ्या साइटवर हेझलच्या शाळेचा आकडा घसरत गेला. आठाचे सहा, सहाचे चार. लॉरेल शिकली-सवरलेली. नव्या मुलांना अजून इंग्रजी धड वाचता येत नाही, म्हणून परीक्षेत गुण कमी पडतात, हे तिला कळत होतं. वर्गातल्या बाई त्याच होत्या आणि हेझल त्यांच्याच हाताखाली वाचायला शिकली होती. तरी सकाळी डोळे उघडले की ती आधी तो आकडा बघायची, तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावून बघावं तशी.

“चार!” तिचा नवरा टॉड म्हणाला. “उद्या घर विकायला काढलं तर कुत्रं फिरकणार नाही. आणि तू म्हणतेस, बाई चांगल्या आहेत.”

“आहेतच.”

“मग त्यांनाही टाक ट्रकमध्ये.”

टॉडने नोकरी बदलली तीही नऊ गुणांचं गाव बघून, पार मॅसॅच्युसेट्सला. जुनं घर एका घरं भाड्याने देणाऱ्या कंपनीने विकत घेतलं आणि तसंच रिकामं ठेवलं. दारावरच्या बेलचा कॅमेरा काढायचा राहून गेला. तो लॉरेलच्या फोनला जोडलेलाच होता.

जानेवारीत एका सकाळी, बाहेर मिट्ट काळोख असताना, फोनमध्ये बेल वाजली.

“आई, इक्रान आली!” हेझल अंथरुणातून उठून धावली आणि तिने नव्या घराचं दार सताड उघडलं. बाहेर नुसता बर्फ.

फोनच्या पडद्यावर मात्र जुन्या घराचा ओटा होता, आणि कोपऱ्यात एक जांभळं जॅकेट.

“इक्रान? बाळा, आम्ही आता तिथे राहत नाही गं,” लॉरेल फोनमधून म्हणाली.

“माहितेय,” पोरगी वर न बघता म्हणाली. “इथे वारा कमी लागतो.”

“मग बेल कशाला वाजवलीस?”

“वाजवली की दिवा लागतो ना.”

मग रोजच बेल वाजू लागली. होदनचा नंबर बंद. शाळेने सांगितलं, दुसऱ्यांच्या मुलांबद्दल आम्ही बोलत नाही. पोलिसांना कळवावं, तर पोर एकटी सोडली म्हणून होदनच्याच गळ्याशी यायचं. सरकारने पोरच काढून नेली तर?

“तो कॅमेरा बंद कर, झोप तरी लागेल,” टॉड म्हणाला. तिने केला नाही. एक दिवस त्याची बॅटरीच संपली.

तरी लॉरेलला त्या वेळेला जाग येते. खाली यावं, तर हेझल दाराकडे तोंड करून पायरीवर बसलेली.

“कोणी नाही, राणी. चल वर.”

“ती वाजवतेय,” हेझल म्हणते. “आपल्याला ऐकू येत नाही, एवढंच.”

तुम्ही कोलंबसच्या उत्तरेला राहत असाल, तर लॉरेलचं एवढं ऐका. एल्डरवुड रस्त्यावर, वळणापाशी, निळ्या दाराचं रिकामं घर आहे. उजाडायच्या आधी जा. पोलिसांना बोलावू नका. पोरीला आधी गाडीत ऊब द्या आणि बस येईपर्यंत तिच्यापाशी थांबा. ओट्यावर कोणी नसेल, तर घराला एक वळसा घाला. मागच्या बाजूलाही वारा कमी लागतो.