शिकागोचं पितळ

रुपालीने चिंचेचा कोळ पुन्हा एकदा पितळेवर चोळला आणि नारळाची शेंडी हातात घेतली. ओट्यावर जुना टॉवेल पसरून तिने ड्रम त्यावर आडवा ठेवला होता. परातीएवढा रुंद, वीतभरही उंच नाही. नव्वद वर्षांपूर्वी शिकागोत कुणा कारागिराने त्याच्या अंगावर हाताने वेलबुट्टी कोरली, हे तिच्या नवऱ्याने, धम्मदीपने, तिला शंभरदा तरी ऐकवलं असेल. तिला कधी वेल दिसली नव्हती, दिसला होता तो काळपटपणा. आता बाकी सगळं उजळलं, पण एका बाजूचा डाग हटायला तयार नव्हता. एकट्या त्या डागाने अर्धा तास खाल्ला. शेवटी तोही निघाला तेव्हा तिने समाधानाने हात धुतले. दुसऱ्याच्या घरी जाणारं भांडं घासूनपुसून द्यायचं, एवढं नागपूरच्या माहेराने तिला शिकवलं होतं.

ड्रम हेमचंद्रकडे जाणार होता. हेमचंद्र सिंगापुरातच बुओना व्हिस्टाला संशोधक होता, मूळचा पुण्याचा आणि जुन्या अमेरिकन ड्रम्सच्या नादात धम्मदीपइतकाच वाया गेलेला. जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यातून कंपनीच्या बसने परतलेला धम्मदीप आधी बॉम्ब शेल्टरमध्ये शिरायचा, मग घरात. इथल्या फ्लॅटमध्ये बॉम्बपासून बचावासाठी बांधलेल्या त्या लोखंडी दाराच्या खोलीत लोक तांदूळ नि बॅगा ठेवतात. यांच्याकडे तिथे सात ड्रम होते.

फेब्रुवारीत धम्मदीप गेला. त्रेचाळीस वर्षांचा होता, हृदयाने दगा दिला. त्याच्या नोकरीच्या पासवर तिचा राहण्याचा पास, त्यामुळे महिनाअखेर तिलाही नागपूरला निघायचं होतं. सहा ड्रम या ना त्या संग्राहकाकडे गेले. सातवा त्याने हेमचंद्रला आधीच बोलून ठेवला होता. "माझ्यानंतर तुझा," असं तो हसत म्हणायचा. हेमचंद्र सहा वर्षं या ड्रमवर जीव लावून बसला होता, आणि आता तो हसण्यावारी नेलेला शब्द पाळायची वेळ आली तर त्याला फोन करायचंही धाडस होत नव्हतं. शेवटी रुपालीनेच त्याला बोलावलं.

शनिवारी अकराला तो आला. सोफ्यावर ठेवलेला ड्रम दिसताच जागीच थांबला.

"हे कोणी केलं?"

"मीच केलं. का हो, भाऊजी?"

"नाही... छान. लखलखतोय अगदी."

पुण्याचा असून त्याला खोटं बोलता येत नव्हतं.

"खरं सांगा. बिघडलं काही?"

"आवाजाला काही होणार नाही," तो घाईने म्हणाला. "आम्ही लोक पितळ घासत नाही, इतकंच. जुना रंग तसाच राखतो. साधा स्क्रूसुद्धा बदलत नाही. वेड असतं ते एक, वहिनी, तुम्ही नका मनाला लावून घेऊ."

वेलबुट्टीचं शंभरदा सांगणाऱ्या माणसाने हे एकदाही सांगितलं नव्हतं. सांगेल कशाला? ड्रमला हात तरी कुठे लावू द्यायचा तो!

हेमचंद्र सोफ्यावर बसला. वाजवून पाहण्याआधी कातडं ताणायला हवं होतं. सिंगापूरच्या दमट हवेत वासराचं कातडं एका दिवसात सैल पडतं. त्याने ड्रम मांडीवर घेतला, हलू नये म्हणून डाव्या हाताचा तळवा पितळेवर घट्ट दाबला आणि उजव्या हाताने एकेक स्क्रू किल्लीने पिळू लागला. रुपाली त्याच्या डाव्या हाताकडे बघत राहिली. चार बोटं खाली पसरलेली, अंगठा वर काठापाशी.

"हेही असंच धरायचे?"

"रोज. पितळेला घाम लागला की ते..." हेमचंद्र बोलता बोलता थांबला.

"एका बाजूला डाग होता."

"हो."

"सगळ्यात जास्त मी तोच घासला, भाऊजी."

त्याने काड्या उचलल्या आणि अगदी हलक्या हाताने वाजवायला सुरुवात केली. नवे ड्रम ओरडतात, हा बोलतो, असं धम्मदीप म्हणायचा. तिने तो आजवर फक्त लोखंडी दाराआडून ऐकला होता, कुकरच्या शिट्ट्यांमधून, आणि बहुतेक वेळा "जेवायला या" अशी हाक मारत. आज तो हॉलमध्ये तिच्यासमोर बोलत होता, आणि तिला धम्मदीप हवा होता. आत्ता, या सोफ्यावर, घामेजल्या हाताचा. ती रडली. हेमचंद्रने काड्या खाली ठेवल्या.

डोळे पुसून तिने विचारलं, "नागपुरात या कातड्याचं काय होईल?"

हेमचंद्रने वर पाहिलं. त्याचा तळवा अजून ड्रमवरच होता.

"कोरडी हवा. ताणून ताणून फाटेल. रोज संध्याकाळी थोडं सैल करावं लागेल."

"रोज?"

"उन्हाळ्यात तर नक्कीच."

"मग शिकवा मला. तुम्हाला शब्द दिला होता यांनी, मला माहीत आहे. पण शिकवा."

हेमचंद्रने बोटाने एक वेल टोकापर्यंत हळूच गिरवली. सहा वर्षांत इतका वेळ हा ड्रम त्याच्या मांडीवर कधी राहिला नव्हता. मग त्याने तो उचलून तिच्या मांडीवर ठेवला आणि स्वतः खाली जमिनीवर बसला.

"डावा हात कुठे ठेवू?"

त्याने ड्रम उजेडाकडे फिरवला, एकदा, दुसऱ्यांदा. सगळीकडे सारखंच पितळ चमकत होतं.

"तुम्हाला जमेल तिथे, वहिनी."

तिने बोटं पसरून तळवा टेकवला. पितळ गार होतं.

"डाग पडायला किती दिवस लागतात?"

"धम्मदीपचा दुसऱ्या वर्षी दिसायला लागला."

रुपालीने मान हलवली आणि किल्लीसाठी उजवा हात पुढे केला.