कानामागची खूण

अश्विनीने पर्यायावर पेन्सिल टेकवली, तोच मोरेश्वर मास्तरांनी सरावाची पुस्तिका ओढून घेतली.

"चुकली! पुन्हा चुकली," ते म्हणाले. पोरगी चुकल्याचा एवढा आनंद दुसऱ्या कुठल्या बापाला झाला नसता.

भोपाळच्या कायद्याच्या कॉलेजात जायचं तर 'क्लॅट' द्यावी लागते, आणि ती येत्या रविवारी होती. अश्विनीला इंग्रजी जमे, गणित जमे. गाडी अडायची ती कायद्याच्या प्रश्नांवर. तिथे आधी एक नियम देतात, मग घडलेली हकिगत, आणि उत्तर तेवढ्यावरूनच द्यायचं. ही मात्र हकिगतीतल्या माणसांची दया येऊन भलताच पर्याय निवडायची. त्याहून मोठी अडचण समोरच्या खुर्चीत बसलेली होती. भाजीवालीला भाव विचारताना जिचा आवाज बसतो, ती कोर्टात काय बोलणार? आधी मला एकदा गप्प करून दाखव, मग भोपाळच्या कॉलेजचं बघू, अशी मास्तरांची अट होती. अख्ख्या पांढुर्ण्यात त्यांना आजवर कोणी गप्प केलेलं नव्हतं. एकुलती लेक दूर जाऊ नये म्हणून हा खटाटोप, हे अश्विनीला कळत होतं. म्हणूनच तिला त्यांचा रागही येई आणि मायाही.

"नियम आईक," मास्तर म्हणाले. "ज्यानं आपल्या मर्जीनं धोका पत्करला, त्याले भरपाई मागता येत नाही. मॅच पाहाले गेलेल्या मानसाले चेंडू लागला, अन् तू त्याले भरपाई देऊन राहिली!"

"त्याचं डोकं फुटलं नं, बाबा."

"माहं नाही फुटलं?"

झालं, आता गोटमार येणार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात आणि मधोमध रोवलेल्या झेंड्यासाठी झुंजतात. तरुणपणी मास्तरही त्यात उतरले होते, आणि डोक्यावरची टाक्यांची खूण अजून मिरवत होते.

"झेंडा हातभर राहिला व्हता. सावरगावचा गोटा आला सन्नकन! मंग, मी गेलो का कोनाकडं भरपाई मागाले?"

अश्विनीने ही गोष्ट शंभरदा ऐकली होती. आज मात्र तिने पेन्सिल खाली ठेवली.

"बाबा, सावरगाव तुमच्या समोर व्हतं?"

"मंग काय मांगं राहीन?"

"अन् तुमी झेंड्याकडं तोंड करून धावून राहिले व्हते?"

"छाती काढून!"

"मंग खूण कानाच्या मांगं कशी?"

मास्तरांचा हात आपसूक उजव्या कानामागे गेला.

स्वयंपाकघरातली भाकरीची थापथाप थांबली. पिठाचे हात घेऊन अनुराधाबाई दारात आल्या.

"पाठ कायले फिरवली व्हती तुमी?" अश्विनीने विचारलं. आवाज कुठे बसला नाही.

"सांगा नं," अनुराधाबाई हसू दाबत म्हणाल्या. नवरा काही सांगेना, तेव्हा त्यांनीच सांगून टाकलं. "मांगं माह्या मावशीची गच्ची व्हती. मी उभी व्हती तिथं. हे नदीत उभे राहून वर पाहून राहिले व्हते."

"बाई गं!"

"अन् म्हंते भरपाई नाही मागितली! टाके निघाले अन् दुसऱ्या दिवशी मावशीच्या दारात. पोरगी मागाले."

मायलेकी पोट धरधरून हसल्या. मास्तर मात्र बोलले नाहीत. त्यांनी पुस्तिका उघडली, मिटली. जेवतानाही गप्पच. एवढी शांतता त्या घराला ठाऊक नव्हती. आपण जिंकलो, हे अश्विनीला तेव्हा कुठे उमगलं. पण बाबांनी काहीतरी बोलावं, हवं तर रागवावं, असं तिला फार वाटलं.

हात धुऊन मास्तर दाराशी थांबले.

"ऐकते का," ते बायकोला म्हणाले, "घरचा कापूस हाये नं थोडा? एक रजई भराले टाकू. भोपाळले थंडी लय असते म्हंते."

"बाबा, अजून परीक्षा व्हायची हाये."

"परीक्षेचं तू पाह," मास्तर पाठमोरेच म्हणाले. "रजई भराले वेळ लागते."