जयाने मागितलेली माफी

मी मारुंजीच्या गेणबांच्या बैठकीतला संगणक बोलतोय. नाव मोठं, लक्षण खोटं, असं माझं झालंय. बोलायलाही लाज वाटते.

गेणबांनी शेतात खोल्या बांधल्या, भाड्याला इंजिनिअर आले, आणि आपल्याही घरात एक संगणक असावा म्हणून मला आणलं. वर विणलेला रुमाल घातला. "हात लावू नगा, बिघडंल," हा घरचा कायदा. पाहुण्यांनाही मला दुरूनच दाखवत.

सून जया बारावी शिकलेली. भाडेकरू पोरी इंग्रजीत फटाफट बोलत उतरायच्या, तेव्हा ही जिन्यात मान खाली घालून बाजूला व्हायची. शेवटी धीर करून तिने शेजारच्या चांदे गावातल्या क्लासात प्रोग्रॅमिंगला नाव घातलं. घरी येऊन माझ्यावर पहिली ओळ लिहिली. शेवटचा कंस तेवढा राहिला. आणि मी? चूक दाखवायला पडद्यावर लालभडक इंग्रजीत तिच्या अंगावर धावून गेलो! तिने घाबरून बटणच बंद केलं. सासऱ्यांची हौसेची वस्तू आपण मोडली, असं समजून ती रडली. क्लासही सोडला.

दसऱ्याला तिने मला हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडले. "चुकलं माझं. पुन्यांदा हात न्हाई लावायची."

अहो, एका कंसापायी बाईमाणसाने यंत्राची माफी मागावी? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वरच्या खोलीतली, परभणीकडची क्षितिजा सोनं द्यायला दारात आली होती. तिने ते ऐकलं. जयाने चाचरत सगळं सांगितलं. क्षितिजा हसली नाही. वर जाऊन स्वतःचा लॅपटॉप घेऊन आली. त्याचाही पडदा लालेलाल.

"तुमाला बी येतं हे?"

"रोज येतं, वहिनी. त्याचाच पगार घेते मी. उद्या बसू, आणि मुद्दाम चुकू."

दुसऱ्या दिवशी दोघींनी हव्या तशा चुका केल्या. मी दरवेळी लाल झालो, पण मोडलो काही नाही. जयाला हसू फुटलं. मग कोणत्या खोलीला पाणी कधी सोडायचं, ते सांगणारा प्रोग्रॅम ती लिहायला लागली. एकदा गेणबांनी लाल अक्षरं पाहिली.

"बिघडवलास व्हय गं?"

"न्हाई आबा. त्याला कळंना झालंय, म्हणून इचारतंय." तिने ओळ वाचली, कंस टाकला आणि त्यांना खुर्ची दिली. "बसा, तुमी बी चुकून बगा."

जया पुन्हा क्लासला जाते. मी अजून तसाच वसकन बोलतो, मऊ बोलायला मला कुणी शिकवलंच नाही. म्हणून नवख्यांना विनवतो, लाल दिसलं तर मान खाली घालू नका. कळलेलं नसतं ते मला. लाजायचं मी, तुम्ही पुन्हा लिहा.