कोपरातलं हाड

पेणजवळच्या जोह्यात गणपतीचे डोळे आखावेत ते हौसानेच, असं तिचा नवरा दिनानाथ ज्याला-त्याला सांगत सुटायचा. तो साच्यात शाडू दाबायचा, ती डोळे उघडायची. मग ती माळ्यावरून पडली आणि उजव्या कोपराचा चुरा झाला. रोह्यात ऑपरेशन झालं, स्क्रू बसले, टाके निघाले. पण सरळ राहिलेला हात काही वाकेना.

दिनानाथ कसला गप्प बसतोय! कोरडी पडलेली माती ओल्या फडक्यात गुंडाळून मळली की पुन्हा मऊ पडते, हे त्याने जन्मभर पाहिलं होतं. "वाईच कळ काढ गो, आता सुटंल बघ," म्हणत तो रोज संध्याकाळी तिच्या कोपरावरचं ओलं फडकं काढायचा, अंगठ्यांनी रगडायचा, जोर लावून वाकवायचा. हौसाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. तरी त्या हातांची ऊब तिला हवीहवीशी वाटायची. झोपेत तिला धरमतरकडची मिठागरं दिसत. पाणी स्तब्ध, आणि त्यात नकळत मीठ धरत चाललेलं.

"स्नायूत नवं हाड वाढलंय," रोह्याचे डॉक्टर एक्स-रे उजेडावर धरून म्हणाले. "जोरात चोळलं, ओढलं की असं वाढू शकतं. कुणी चोळलं का?"

दिनानाथ शेजारीच उभा होता.

"नाय," हौसा म्हणाली.

हाड पक्कं झाल्यावर काढता येईल, तोवर जोर करायचा नाही, असं ठरलं. पेणकडे येणाऱ्या गाडीत दिनानाथ अंगठे मुठीत मिटून बसला. घरी आल्यावर त्याने तिच्या हाताला बोटसुद्धा लावलं नाही. साच्यापुढेही तो नुसता बसून राहू लागला. कोपर आज ना उद्या सुटेल. पण हा माणूस असाच आटून गेला तर? हौसाला त्याचीच भीती वाटली.

एका दुपारी तिने कुंचला घेतला. एरवी ती मूर्तीला नाक लावून डोळे आखायची. आज हातभर लांब बसावं लागलं. हात थरथरला.

"अवो, कोपराखाली हात धरा."

"माज्या हातानं नको गो. मीच हाड वाढवलं तुजं."

"व्हय. मंग धरणार कोण? दाबू नका. नुसता ठेवा."

बऱ्याच वेळाने तळवा आला, ओल्या मातीसारखा गार. थरथर थांबली. दुपार कारखान्यात साचून राहिली, पांढऱ्या मूर्ती पाण्याखाली असल्यासारख्या दिसू लागल्या. इतक्या लांबून तिने कधी डोळे आखले नव्हते. आज तिला सगळा चेहरा एकदम दिसत होता. मूर्तीचा डोळा उघडला तेव्हा तिच्या कोपरावर दिनानाथची आसवं पडत होती, आणि ती पुसायलाही त्याने हात काढला नाही.