काजळी भट्टीची नव्हती

मी एक जुने मोसंबीचे झाड आहे. नरखेडजवळ चंपतरावांच्या बागेत, विहिरीशेजारी उभे आहे. मित्रांनो, मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच वाटते. पण एका माणसावर झालेला अन्याय अजून मनातून जात नाही.

चंपतरावांच्या पत्नी भागीरथाबाईंनी मला घागरीने पाणी घालून वाढवले. माझी फळे नागपूरच्या बाजारात टोपलीच्या वरच्या थरात बसत. मग १९७४ च्या उन्हाळ्यात चंपतरावांनी साडूच्या गावाहून एक कलम एसटीने आणले आणि माझ्या सावलीत ठेवले. त्याच्या काड्यांवर तिळाएवढे तपकिरी खवले होते. कोणी निरखून पाहिले नाही. ते जिवंत किडे होते. त्यांची पिल्ले माझ्यावर चढली, रस पिऊ लागली. त्यांच्या गोड चिकट्यावर काळी बुरशी धरली. पोळ्यापर्यंत माझी पाने तव्याच्या बुडासारखी झाली.

बांधापलीकडे महादेवरावांची वीटभट्टी होती. दिवाळीनंतर ती पेटली, तसे चंपतरावांनी पंचांना बागेत आणले आणि माझ्या पानावर बोट घासून दाखवले.

"पाहा गा, याच्या भट्टीची काजळी."

"पावसाळ्यात भट्टी पेटतच नाही, भाऊ," महादेवराव म्हणाले. "अन् तुमचं झाड तं पोळ्यालेच काळं पडलं."

इतकी सरळ गोष्ट, पण पंचांनी ती कानाआड केली. भट्टी विझवायला लावली. माझ्या नावाने एका घरची चूल विझवली आणि मला मुकाट्याने पाहावे लागले!

महिना गेला. भट्टी बंद असूनही माझी नवी पाने काळवंडली. भागीरथाबाईंनी नखाने एक खवला उचकटला. पिवळा रस निघाला. ती काडी डब्यात घालून त्या नागपूरला शेतकी कॉलेजात गेल्या. तिथल्या सरांनी भिंगातून पाहिले.

"ही खवले कीड. या भागात मी पहिल्यांदाच पाहतो. नवीन कलम आणलं होतं का?"

घरी येऊन त्यांनी सगळे सांगितले.

"चूप राय वं," चंपतराव म्हणाले. "आता गावात माहं नाक कापतं काय?"

"नाक तुमचं वाचवाले त्याचं पोट काहून कापता?"

त्या डबा घेऊन एकट्या चावडीवर गेल्या. पंचांपुढे म्हणाल्या, "कीड आमच्याच घरच्या कलमाची हाये."

भट्टी पुन्हा पेटली. ते कलम आणि माझ्या निम्म्या फांद्या जाळाव्या लागल्या. चंपतराव मात्र माफी मागायला बांधापर्यंत गेले आणि तिथूनच मागे फिरले.

मित्रांनो, नवे रोप आणाल तेव्हा त्याची काडी न् काडी उजेडात धरून पाहा. तेवढेही होत नसेल, तर निदान शेजाऱ्याचे नाव घेऊ नका.