सेयरानचा फोन

मंजूषा नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनला आली ती नवऱ्याच्या नोकरीपाठोपाठ. आशुतोष तिथल्या मोठ्या कंपनीत इंजिनिअर. ती पुण्याच्या शाळेत इतिहास शिकवायची, आणि इथे डच आल्याशिवाय कुठलीच शाळा तिला दारात उभं करणार नव्हती. डच येता येत नव्हतं. सकाळी आशुतोष सायकल काढून गेला की घर तिला खायला उठायचं.

त्यांच्या गल्लीच्या टोकाला वृद्धाश्रमाची एक जुनी इमारत रिकामी पडली होती. युक्रेनमधून आलेल्या काही कुटुंबांना खेमेंटेनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, तिथे जागा दिली होती. एका दुपारी मंजूषा मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती, तेव्हा कुंपणापलीकडून एका म्हातारीनं हाक मारली. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हात कोपरापर्यंत ओले. हातवारे करत ती काहीतरी मागत होती. त्यातला एकच शब्द मंजूषाला कळला.

"सबून."

"साबण?" मंजूषा म्हणाली, आणि म्हातारी एवढी हसली की तिचे दोन सोन्याचे दात दिसले.

तिचं नाव सफिये. वय पंच्याऐंशीच्या घरात. क्रिमियातली तातार, मुसलमान. सोबत फक्त नात होती, एल्माझ; ती आल्बर्ट हाइन नावाच्या किराणा दुकानात फळ्यांवर माल लावायचं काम करायची. आजी दिवसभर एकटी असायची. हळूहळू मंजूषा दुपारचा चहा तिच्या खोलीत घेऊ लागली. बोलणं फोनवरच्या अनुवादावर चालायचं. आजी रशियन बोलायची, फोन त्याचं मोडकंतोडकं मराठी करायचा. पण अधूनमधून आजीच्या तातारीतला एखादा शब्द फोनला न विचारता पोचायचा. बाजार, हवा, खबर, दुश्मन. असा शब्द सापडला की आजी टाळी वाजवायची.

एकदा ती "वतन" म्हणाली. मंजूषानं मान डोलावली आणि मग तिला वाटलं, हे समजावून सांगायलाच हवं. फोनमध्ये ती म्हणाली, "आमच्याकडे वतन म्हणजे राजानं घराण्याला दिलेली जमीन, हक्क. कागदावर लिहून दिलेलं."

आजीनं ते ऐकलं, थोडा विचार केला. "म्हणजे राजा परत घेऊ शकतो," ती म्हणाली. "बरोबर आहे. आमचंही तसंच झालं."

त्या हिवाळ्यात आजीनं तिला सगळं सांगितलं. सलग नाही, सुचेल तसं. अडीचशे वर्षांपूर्वी रशियाच्या राणीनं त्यांच्या खानांचं राज्य गिळलं. जमिनी सरदारांना वाटल्या गेल्या. लोक जहाजं भरभरून तुर्कस्तानला गेले, आणि जे राहिले ते आपल्याच मुलखात दर पिढीला थोडे थोडे कमी होत गेले. "आमची आई म्हणायची, आम्हाला हाकलायला त्यांना दीडशे वर्षं लागली, कारण आधी त्यांना घाई नव्हती."

मग घाई झाली. १९४४चा मे महिना. आजी चार वर्षांची. पहाटे सैनिकांनी दार ठोठावलं, पंधरा मिनिटं दिली. आईनं कडेवर धाकट्याला घेतलं, हाताशी सफियेला. तीन दिवसांत क्रिमियातला एकूण एक तातार मालगाडीच्या डब्यांत होता. जर्मनांना फितूर झालात, एवढाच आरोप. तो तान्ह्या मुलांवरही होता. गाडी उझबेकिस्तानला पोचायला आठवडे लागले. डब्यात पाणी नव्हतं. तिथे गेल्यावरही वस्तीबाहेर पाऊल टाकायचं तर परवानगी लागे. मागे गावांची नावं बदलली, कबरींचे दगड काढून पायऱ्यांना लावले.

"आणि परत कधी आलात?"

"म्हातारी होत आल्यावर. पन्नाशीत." आजी हसली. "आमच्या घरात दुसरी बाई राहत होती. वाईट नव्हती. तिनं मला पाणी दिलं. आमच्याच विहिरीचं."

मग मुलानं, सेयराननं, माळरानावर घर बांधलं. तिकडे शिंपल्यांचा पिवळा दगड मिळतो, त्याचे ठोकळे रचून. नळजोडणीची कामं करायचा. गावातल्या कुणाची कोर्टात तारीख असली की हा जाऊन बाहेर उभा राहायचा, कारण २०१४ला रशियानं क्रिमिया पुन्हा घेतला होता आणि तातारांच्या घरांवर पुन्हा पहाटेच धाडी पडू लागल्या होत्या. मग एका पहाटे त्याच्याच घरावर पडली. मशिदीत तो धरून चार माणसं बोलत बसली होती, ते बोलणं कुणीतरी चोरून टिपलं होतं. त्यावर दहशतवादी म्हणून सतरा वर्षांची शिक्षा. तुरुंग क्रिमियात नाही, पार सैबेरियाकडे.

"आधी आई, मग मी, मग मुलगा," आजी म्हणाली. "गाडी तीच आहे गं, किझिम." किझिम म्हणजे पोरी.

सेयरानची बायको लेनारा मागेच राहिली. तुरुंगात सामान पोचवायला, वकिलाला भेटायला कुणीतरी हवं होतं. युद्ध सुरू झाल्यावर तिनं सासूला आणि मुलीला बळेच बाहेर काढलं. सेयरानला अधूनमधून तुरुंगातून फोन करू द्यायचे. तो बायकोला करायचा, आणि ती आपला दुसरा फोन त्याला लावून आईला इकडे आवाज ऐकवायची. त्या दिवशी आजी स्वच्छ रुमाल बांधून बसायची, जणू तो बघणार आहे.

मार्चमध्ये मंजूषानं आजी आणि एल्माझला जेवायला बोलावलं. आशुतोषचा वरिष्ठ हरीश आणि त्याची बायको नीरजाही होती. मंजूषानं भरली वांगी केली. एल्माझनं त्यांच्याकडचे तळलेले कानवले आणले होते, एरवी त्यात मटण असतं, पण मंजूषाकडचे लोक खात नाहीत म्हणून मुद्दाम चीज भरून. जेवण छान चाललं होतं. नीरजानं आजीला दोनदा वाढलं. मग या इकडे कशा, असा विषयातून विषय निघाला, आणि मंजूषानं मराठीतच थोडक्यात सांगितलं.

हरीश घास चावत म्हणाला, "ते ठीक आहे. पण अख्ख्या जमातीला उगाच कोणी हाकलतं का? काहीतरी असणारच ना."

"चार वर्षांच्या होत्या त्या," मंजूषा म्हणाली.

"त्यांचं नाही म्हणत मी. जनरल बोलतोय. आपल्याकडे नाही का पंडितांना काश्मीर सोडावं लागलं? त्यांच्याबद्दल कोण रडतं?"

"मी रडते की. त्यांनाही कुणीतरी असंच म्हणालं असेल, काहीतरी असणार म्हणून."

आशुतोष पाणी ओतू लागला. ग्लास भरलेलाच होता.

एल्माझला मराठी कळत नव्हतं, पण माणसांचा आवाज बदलला की काय चाललंय ते तिला बरोबर कळायचं. तिनं इंग्रजीत विचारलं, "हे आमच्याबद्दल आहे का?"

हरीश सावरून बसला. सभ्यपणे, इंग्रजीत म्हणाला, "मी कुठेतरी वाचलं होतं, तुमच्यातले काही लोक जर्मनांबरोबर होते. म्हणून विचारत होतो."

"होते काही," एल्माझ म्हणाली. "रशियनांतलेही होते, युक्रेनियनांतलेही होते. माझे पणजोबा लाल सैन्यात होते. बर्लिनपर्यंत गेले. छातीवर पदकं लावून गावी आले, तर गावात कोणी नाही. दारं उघडी. बायकापोरं कुठल्या वाळवंटात आहेत ते शोधायला त्यांना दीड वर्ष लागलं. सापडल्यावर त्यांनाही तिथेच ठेवून घेतलं. कारण तेही फितूर ना."

आजीनं नातीच्या बाहीला हात लावून विचारलं. एल्माझनं तातारीत उत्तर दिलं, तशी आजीनं हरीशकडे बघून मान लववली आणि कानवल्यांची थाळी त्याच्यापुढे सरकवली. त्यानं एक घेतला.

निघताना मंजूषानं दारात एल्माझला विचारलं, "काय सांगितलंस आजींना?"

"म्हटलं, कानवले कसे करतात ते विचारतायत."

पाहुणे गेल्यावर मंजूषा भांडी विसळत राहिली. "तू एक शब्द बोलला नाहीस," ती आशुतोषला म्हणाली.

"काय बोलायचं होतं? माझं अप्रेझल त्याच्या हातात आहे, मंजू." मग जरा वेळानं, "आणि बोलून काय बदलणार होतं?"

एवढी वर्षं तिनं मुलांना सांगितलं होतं, इतिहास शिकायचा तो चुका पुन्हा होऊ नयेत म्हणून. वाक्य पाठ होतं तिचं.

एप्रिलमध्ये एका सकाळी एल्माझ कामाच्या कपड्यांतच मंजूषाच्या दारात आली. सायकल तिनं लावलीही नव्हती, तशीच फुटपाथवर टाकली होती.

"बाबा गेले," ती म्हणाली.

सेयरानच्या छातीत कितीतरी महिने दुखत होतं. वकील डॉक्टरसाठी अर्ज करत राहिला. डॉक्टर आला तोवर उशीर झाला होता. मंजूषानं तिला आत घेतलं, खुर्चीत बसवलं. एल्माझ रडली नाही. फक्त म्हणाली, "आजीला सांगायचं नाही. ती मरेल. माझ्याकडे तिच्याशिवाय कोणी नाही इथे."

प्रेत ताब्यात मिळवायला लेनाराला खूप दिवस झगडावं लागलं. अखेर ते क्रिमियात, त्यानं बांधलेल्या घराजवळच्या कबरस्तानात आणलं. दफनाच्या दुपारी एल्माझ पुन्हा मंजूषाकडे आली, कारण आपल्या खोलीत आजीसमोर बघणं शक्य नव्हतं. चुलत भाऊ फोनवरून दाखवत होता. पोरीनं फोन ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवला, आवाज बंद केला. पुरुष खांदा बदलत चालले होते. बायकांनी जायचं नसतं, म्हणून लेनारा फाटकाशीच थांबली होती. चित्र हलताना ती क्षणभर दिसली, मग दिसेनाशी झाली. वाटेच्या कडेला एक पोलिसांची गाडी उभी होती आणि काच खाली करून आतला माणूस येणाऱ्याजाणाऱ्यांचं चित्रण करत होता.

"बघ," एल्माझ म्हणाली. "गेल्यावरही मोजतायत."

माती लोटून झाली तसं तिनं नळाखाली तोंड धुतलं आणि आजीला जेवायला वाढायला गेली.

त्यानंतरच्या दुपारी मंजूषाला जड जाऊ लागल्या. आजी विचारायची, सेयरानचा फोन का येत नाही. एल्माझनं ठरवून दिलेलं उत्तर मंजूषा द्यायची: तुरुंगातल्या लाइनी बंद आहेत, नवीन साहेब आलाय, कडक आहे. आजी ऐकून घ्यायची. कधी म्हणायची, हिवाळ्यात त्याचे पाय सुजतात. कधी, त्याला लोकरीचे मोजे पाठवायला लेनाराला सांग. मंजूषा हो म्हणायची. खिडकीबाहेर सायकलींचा लाल रस्ता होता आणि त्यावरून शाळेतून सुटलेली मुलं एकमेकांना ओरडत जायची.

असेच काही आठवडे गेले. मग एकदा आजीनं चहाचा कप बाजूला ठेवला, मंजूषाच्या हातातला फोन जवळ ओढला, आणि रशियनमध्ये हळू, स्पष्ट बोलली. फोननं मराठी केलं.

"लेनारा आता माझ्यावर चिडत नाही."

मंजूषाला अर्थ लागेना.

"तुरुंगाच्या दारात सामान घेऊन उभी राहणारी बाई सतत चिडलेली असते. साहेबावर, वकिलावर, सासूवर. सहा वर्षं ती माझ्याशी भांडली, आधी घरात, मग फोनवर. आता विचारते, आई, औषध घेतलंत का. एवढंच." आजीनं श्वास घेतला. "त्याला आपल्या मातीत आणलं का? का तिकडेच ठेवलं?"

मंजूषानं फोनकडे बघितलं. खोटं बोलायला तो मध्ये होता, तरी जमलं नाही.

"आणलं," ती म्हणाली. "घराजवळ."

आजीनं दोन्ही तळवे समोर धरले, पुटपुटली, चेहऱ्यावरून हात फिरवले. मग म्हणाली, "गाडीत माझा धाकटा भाऊ मेला तेव्हा आई म्हणाली, झोपलाय. गाडी कुठेतरी थांबली तेव्हा त्याला रुळांशेजारी ठेवलं. वर घालायला माती नव्हती, नुसती खडी. आई परत डब्यात चढली आणि मला पुन्हा म्हणाली, झोपलाय. चार वर्षांची असताना मला कळलं होतं. आता नाही कळणार?"

"मग एल्माझला सांगू का, की तुम्हाला..."

"नाही." आजीनं तिचं मनगट धरलं. हात थंड होता पण पकड घट्ट. "ती दिवसभर दुसऱ्यांच्या दुकानात उभी असते. घरी येते तेव्हा इथे कोणीतरी असं पाहिजे ज्याच्यासमोर तिला रडता येत नाही. नाहीतर ती उठणारच नाही. मीही आईसमोर रडले नाही. म्हणून आई जगली."

"पण तुम्ही दोघी एकमेकींसाठी..."

"हो," आजी म्हणाली. "आमच्यात असंच करतात. दुसरं काही शिकायला वेळ मिळाला नाही."

मंजूषा घरी आली. आशुतोषनं विचारलं, काय झालं. तिनं सांगितलं. तो म्हणाला, "तू उगाच या भानगडीत पडलीस." पण त्या रात्री भांडी त्यानं घासली.

ती एल्माझला काही बोलली नाही. दुपारी ती आजीकडे जायची, आजी मोज्यांबद्दल विचारायची नाही, दोघी नुसत्या बसायच्या. संध्याकाळी एल्माझची सायकल खाली वाजली की आजी सरळ होऊन बसायची, रुमाल नीट करायची, आणि दार उघडलं की पहिला प्रश्न तोच: सेयरानचा फोन?

ऑगस्टमध्ये कळलं की इमारत पाडणार आहेत. कुटुंबांना वेगवेगळ्या ठिकाणी पाठवणार. या दोघींना उत्तरेला, ग्रोनिंगनच्याही पलीकडे, समुद्राकाठच्या एका गावात जागा मिळाली होती. तिथून एल्माझचं दुकान शेकडो किलोमीटर. नोकरी गेल्यातच जमा. मंजूषानं खेमेंटेला दोन इमेल केल्या. उत्तर सभ्य होतं. कचेरीतल्या खिडकीवरच्या बाईनं तर मनापासून हळहळ व्यक्त केली आणि सांगितलं की यादी वरून येते.

निघायच्या सकाळी गाडी आली. ड्रायव्हरनं बॅगा चढवल्या. सगळं मिळून फार काही नव्हतं. त्यानं आजीला आत चढायला हात दिला, तशी ती पायरीपाशी थबकली. उघड्या दारातून आत बघत राहिली. ड्रायव्हरनं डचमध्ये विचारलं, काही राहिलंय का.

आजी नातीकडे वळली. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, तिनं काही विचारलं.

एल्माझचा चेहरा जराही हलला नाही. तिनं उत्तर दिलं, आजीला काखेत धरून वर चढवलं, पट्टा लावला.

मंजूषा खिडकीशी गेली. "काय म्हणाल्या?"

"विचारतेय, बाबांना नवीन पत्ता कळवलास का." एल्माझनं बाहेर बघितलं, मंजूषाच्या डोळ्यांत. "म्हटलं, हो. कळवला."

तिच्या पलीकडे आजी समोर बघत बसली होती. तिनं हळूच मान हलवली, कामं वेळच्या वेळी झाल्यावर हलवतात तशी. मंजूषाला दोघींचाही हात धरायचा होता. पण ड्रायव्हरनं दार सरकवून लावलं, आणि गाडी गल्लीच्या टोकाला वळून हमरस्त्याला लागली.