पुदिन्याची वाफ

डॉक्टरीणबाईंनी आपला पांढरा कोट इस्त्रीच्या टेबलावर पसरला आणि पाठीवर बोट ठेवलं. इस्त्री कडक होती, बाह्यांच्या चुण्या जागच्या जागी होत्या, आणि पाठभर बारीक बारीक गुलाबी ठिपके उमटले होते.

"हे काय गं, चिमे?"

चिमीने वाकून पाहिलं, नखाने खरवडलं. मग वास घेतला. पुदिना होता, आणि पुदिन्याखाली डाळिंब. काल सकाळी तिनेच हौसेने मूठभर दाणे चेचून बाबांच्या पिण्याच्या पाण्यात टाकले होते. रोज रोज पुदिना-लिंबाचं पाणी पिऊन माणूस कंटाळणार नाही का, म्हणून.

आता हे पाणी बाबांच्या पोटात जायचं सोडून डॉक्टरीणबाईंच्या पाठीवर कसं गेलं? सांडलं म्हणावं तर ओघळ नव्हता. ठिपके कसे एकसारखे, फवाऱ्याच्या बाटलीतून मारलेले. तिने डॉक्टरीणबाईंना सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे तुझे बाबा ते पाणी पीतच नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या चिडल्या असत्या तर एक वेळ बरं झालं असतं. त्यांनी नुसती कोटाची घडी घातली. "कोटाचं जाऊ दे. त्यांच्या किडन्या जेमतेम चालल्यात. आणखी एकदा असे कोसळले तर डायलिसिसवर घ्यावं लागेल. ते बघ आधी."

बाबा कपडे पोचवायला गेले होते, म्हणून चिमीला निदान खुर्चीत बसून घेता आलं.

आई गेल्यापासून बाबांनी पाणी जवळपास सोडलंच होतं. दिवसभर इस्त्रीच्या धगीपुढे उभं राहायचं आणि घोटभर चहावर वेळ मारून न्यायची. सगळ्यांनी घसा कोरडा करून सांगितलं, पण ऐकतील तर ते बाबा कसले! आई होती तोवर गोष्ट वेगळी होती. दुकानात दोघांची दोन टेबलं, शेजारी शेजारी, आणि आईच्या टेबलावर काचेची बरणी. बरणीत पुदिना, लिंबाच्या चकत्या, कधी संत्र्याची फोड. दोन-चार कपडे झाले की ती इस्त्री उभी करायची आणि म्हणायची, अहो, आधी पाणी. बाबा कुरकुरत ग्लास रिकामा करायचे आणि तिची खात्री पटावी म्हणून टेबलावर पालथा घालायचे. संध्याकाळी तळाशी उरलेलं पाणी आई गाळून फवाऱ्यात भरायची. चांगलं पाणी मोरीत कशाला ओतायचं? गिऱ्हाइकं म्हणायची, तुमच्याकडच्या कपड्यांना काय छान वास येतो. ती हसून सांगायची, आमच्या ह्यांचं उष्टं हो.

म्हणून तर बाबा दुसऱ्यांदा चक्कर येऊन पडल्यावर चिमीने ती बरणी माळ्यावरून खाली काढली. साधं पाणी उतरत नाही म्हणतात ना घशाखाली, मग हे उतरेल. आणि उतरलंही की! रोज संध्याकाळी बरणी रिकामी. शेजारच्या मावशींपुढे तिने कोण फुशारकी मारली होती. बाबांचे ओठ फुटलेलेच होते, चेहरा ओढलेलाच होता, हे तिला दिसत नव्हतं असं नाही. पण रिकामी बरणी बघून ती स्वतःची समजूत घालत राहिली.

एकच गोष्ट तिला कळेना. कॉलरवरचा मोहरीएवढा डाग लांबूनच हेरणारा हा माणूस. त्याला पाठभर डाळिंब दिसलं नाही?

उत्तर दुपारी मिळालं. मावशींकडे जाते म्हणून ती बाहेर पडली आणि चपला हातात घेऊन मागच्या दाराने परत आत शिरली. बाबांनी बरणीतलं थोडं पाणी फवाऱ्यात ओतलं. आज त्यात नुसता पुदिना आणि लिंबू होतं. चादरीवर पाणी मारून त्यांनी इस्त्री टेकवली, वाफ उठली, आणि बाबांनी डोळे मिटले. हात सवयीने चालूच होता. तोंड आईच्या टेबलाकडे वळलेलं होतं आणि ते ऐकत होते. कुणी शेजारी उभं राहून घरातलं काहीबाही सांगावं आणि आपण हं हं करावं, तशी मान हलवत होते.

"बाबा."

ते दचकले नाहीत. इस्त्री उभी केली आणि डोळे उघडले. तिने कोटाचं सांगितलं, डायलिसिसचं सांगितलं. रडू आलं तेही लपवलं नाही.

"आई गेली," ती म्हणाली. "आता तुम्हीही निघालात का?"

बाबांनी फवाऱ्याची बाटली हातात घेतली.

"प्यायलं की संपतं गं," ते म्हणाले. "कपड्यावर मारलं की ती येते."

तिने बरणीतून एक ग्लास भरून बाबांपुढे ठेवला आणि त्यांच्या हातातली बाटली काढून घेतली. मग ती आईच्या टेबलापाशी गेली. तिथल्या इस्त्रीवर धूळ बसली होती. ती पुसली, बटण दाबलं, तापू दिली.

"पाणी मी मारते," ती म्हणाली. "तुम्ही बसा."

बाबांकडे पाठ करून तिने एका अभ्र्यावर फवारा मारला आणि इस्त्री टेकवली. वाफ थेट तोंडावर आली. पुदिना, लिंबाची साल. त्याखाली आणखी काहीतरी होतं. लहानपणी आईच्या मानेशी नाक खुपसल्यावर यायचा, तो वास. तो काही तिने बरणीत घातलेला नव्हता. तिचा हात जागीच थांबला.

मागे ग्लास उचलल्याचा आवाज झाला. एक घोट, मग दुसरा, मग न थांबता सगळा. ग्लास टेबलावर पालथा पडल्याचं टक्क ऐकू आलं.

"प्यायलो. झालं समाधान?" बाबा कुरकुरले. "लगेच ओरडायला नको काही."

चिमीने तोंडही उघडलं नव्हतं.

तिने मागे वळून पाहिलं नाही, आणि शेजारीही नाही. इस्त्री तशीच राहिली तर अभ्रा करपेल, एवढंच तिला कळत होतं. तिने ती उचलून उभी केली, बाटली घेतली आणि पुन्हा पाणी मारलं. मागे बरणीतून ग्लासात पाणी पडायला लागलं.